वॉल्टच्या बेसमेंटमधलं सगळं

२९ सप्टेंबर २००१

सकाळी पंपावर पेट्रोल भरत होतो. मंजिरी नि ईशा गाडीत. पलीकडच्या ट्रकमधून एकाने कॉफीचा भरलेला कप फेकला. माझ्या पाठीवर. काहीतरी ओरडला, त्यातलं ‘होम’ तेवढं कळलं. कॉफी कोमट होती, भाजलं वगैरे नाही. टाकी भरेपर्यंत नळी धरून तसाच उभा राहिलो. दुसरं काही सुचलंच नाही.

अर्धा रस्ता गेला. मग ईशा मागून, “बाबा, डिड ही थिंक वुई वेअर समबडी एल्स?” अजून आठ पूर्ण नाहीत तिला. मंजिरी म्हणाली, हो गं, चुकून झालं त्याच्याकडून.

तेरा वर्षं झाली या देशात. या ट्रॉय गावातच आठ. मे महिन्यात शपथ घेऊन सिटिझन झालो. शर्ट दोनदा धुतला. डाग आहे.

६ ऑक्टोबर

शेजारचा वॉल्ट पानं गोळा करत होता. एकाहत्तर वर्षांचा. जन्मभर डाय-शॉपमध्ये काम केलं, गाड्यांचे पत्रे ज्या साच्यांतून निघतात ते साचे बनवायचा. बायको, हेलन, एप्रिलमध्ये गेली. तेव्हापासून त्याच्या घराचे पुढचे पडदे उघडलेले पाहिले नाहीत.

पंपावरचं सांगितलं. मग म्हणालो, घरात एखादं रिव्हॉल्व्हर असावं असं वाटायला लागलंय. तुला काही माहिती आहे का? त्याने रेक भिंतीला टेकवला. “ये.”

बेसमेंटमध्ये काचेची कपाटं, आत हिरव्या फेल्टचं अस्तर. सगळी रिव्हॉल्व्हर्सच. सतरा-अठरा असतील. एक काढलं, रिकामं आहे ते मला दाखवलं, स्वतः पुन्हा पाहिलं, मग हातात दिलं. “घोडा मागे ओढ. हळू. ऐक.” सिलिंडर एक घर फिरून थांबतो तेव्हा बारीक टक् असा आवाज. ऐंशी वर्षांपूर्वीचं यंत्र, कुणीतरी कानशीने घासून बसवलेलं. कुठे जराही ढिलं नाही. मी दिवसभर गाड्यांच्या सीटच्या रुळांची ड्रॉइंग तपासतो, केसाएवढ्या फरकावरून सप्लायरशी भांडतो. असं फिटिंग हातात आलेलं नाही कधी. पुन्हा ओढला घोडा. पुन्हा.

वॉल्ट म्हणाला, “घाबरलेल्या माणसाने हे घेऊ नये, साटीश.” ‘स’ला ‘सा’ करतो. ते परत कपाटात ठेवताना, “पण घाबरलेलाच माणूस घेतो.”

२४ ऑक्टोबर

लंचमध्ये पोलीस स्टेशन. खिडकीतल्या बाईने आडनाव तीनदा स्पेल करायला लावलं. प्रेमळ होती. खरं-खोटंचे प्रश्न, सगळे बरोबर. विकत घ्यायचा परवाना मिळाला, दहा दिवसांत वापरायचा. मंजिरीला अजून बोललेलो नाही.

२ नोव्हेंबर

घेतलं.

वॉल्टने तेच दिलं ज्याचा टक् ऐकवला होता. अडतीस बोअर, सहा घरं, अक्रोडाची मूठ. मी दुसऱ्या एकाकडे बोट दाखवत होतो, तो म्हणाला नाही, हेच घेऊन जा. किंमत नावापुरती. दिल्याबरोबर कपाटाचं दार लावलं आणि माझ्या आधी जिना चढून वर गेला. मला वाटलं, जिवावर आलंय.

डिकीत ठेवून परत पोलिसांकडे, तपासणीला. नंबर लिहून घेतला, हिरवं कार्ड दिलं. या कार्डालाही लोक ग्रीन कार्डच म्हणतात! माझं मे महिन्यात परत केलं, आता ह्याचं आलं. हा विनोद सांगायला घरी कोणी नव्हतं.

३ नोव्हेंबर

मंजिरीला सांगितलं. भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली. “त्या कॉफीवाल्याला तू गोळी घालणार होतास?”

मी खाली पडलेली सालं उचलली.

“मग?”

शेवटी ठरलं: लोखंडी पेटी, बेसमेंट, किल्ली माझ्याजवळ. ईशाला कळता कामा नये. मं. रात्रीचं जेवली नाही.

१९ जाने. २००२

वॉल्टबरोबर शूटिंग रेंजवर. कानाला मफ लावूनही पहिल्या बाराने दचकलो. सहातल्या चार गोळ्या कागदावर, दोन कुठे देव जाणे. आवडलं नाही. हात लाकडासारखे झाले, तोंडात तांब्याची चव.

आवडलं ते नंतरचं. त्याच्या टेबलावर ते उघडून साफ करणं. कापडाचे चौकोन, तेलाचा थेंब, पितळी ब्रश. बाहेर बर्फ. वॉल्ट फारसा बोलत नाही, मीही नाही. दोन तास गेले. या देशात आल्यापासून कुणा पुरुषाबरोबर दोन तास न बोलता बसलो नव्हतो.

९ मार्च २००३

तिसरं आलं. लान्सिंगच्या गन-शोमधून. दुसरं गेल्या वर्षी वॉल्टच्या ओळखीच्या म्हाताऱ्याकडून. हे १९१०च्या आसपासचं, निकेल उडालेलं, सिलिंडर अडकतो. कुणी पाहत नव्हतं त्याच्याकडे, टेबलाच्या कोपऱ्यात पडलं होतं. वॉल्ट म्हणाला, “तिसरं घेतलंस. आता तुला थांबता येणार नाही.” हसला. हेलननंतर पहिल्यांदा पाहिलं हसताना.

भीतीबिती कधी गेली कळलंच नाही. पेटीत गोळी एकही ठेवत नाही. कोणी घरात शिरलाच तर आधी बेसमेंट, मग पेटी, मग गोळ्यांचं दुकान उघडेपर्यंत वाट बघा! मं.ला हे सांगितलं, तिला हसू आलं नाही. “मग कशाला हवीत?”

तिला टक् ऐकवायचा होता. नको म्हणाली.

१३ नोव्हें. २००४

ईशाचा वाढदिवस. अकरा. स्लीपओव्हर ठेवलं होतं, सात मुलींना रात्री राहायला बोलावलं. दोन आल्या.

सकाळी सुषमाचा फोन, मं.च्या मैत्रिणीचा. मुलीला ताप आहे. मग दुसरीचा, त्यांच्याकडे पाहुणे. मग सुषमाचाच परत, “खोटं कशाला बोलू मंजिरी, ह्यांना ते आवडत नाही. तुमच्याकडे ते... आहेत ना. नऊ का दहा?” कसं कळलं? गणपतीत मीच बोललो होतो देवधरांकडे. उत्साहात. आकड्यासकट.

सहा आहेत. नऊ नाहीत.

पिझ्झा उरला. ईशा खोलीतून आली, “इट्स फाइन.” मग म्हणाली, “आय न्यू अबाउट देम, यू नो. सिन्स आय वॉज लाइक एट.” मं.ने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

विकून टाकावीत असं वाटलं. तासभर वाटलं.

५ जून २००५

वॉल्टने आज विचारलं, त्याच्या कपाटातल्या, कनेटिकटला बनलेल्या जुळ्या जोडीतलं एक घेतोस का. मी तीन वर्षं त्या जोडीकडे बघतोय! का विकतोस, असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचा विचार बदलला असता, हीच भीती.

प्रत्येकाबरोबर एक कार्ड देतो. पोस्टकार्डाएवढं, ड्राफ्ट्समनच्या अक्षरात: कुणाकडून घेतलं, कधी, काय दुरुस्त केलं. या कार्डावरचं अक्षर जरा तिरकं गेलंय.

१८ सप्टें. २००५

आणखी दोन. आता महिन्याला दोन असा त्याचा बेत दिसतो. मी नवं कपाट केलंय, आत फेल्ट, त्याच्यासारखंच. हिरवं नाही, निळं. लाकडाचा वास पूर्ण बेसमेंटभर. ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन तासभर खाली. मं. म्हणते, तू घरी येतोस कधी?

त्याची मुलगी डायान आली होती ग्रँड रॅपिड्सहून. कुंपणापाशी गाठ पडली. माझा हात दोन्ही हातांत धरून, “थँक यू. तू आमच्यावर किती मोठे उपकार करतो आहेस, तुला माहीत नाही.” मला वाटलं, पैशाबद्दल म्हणत असेल.

३० एप्रिल २००६

शेवटची चार आणली. वॉल्टकडचं सगळं आता माझ्याकडे. माझी धरून चोवीस.

त्याची रिकामी कपाटं पाहिली. फेल्ट दिव्याच्या उजेडाने विटलंय, पण जिथे एकेक ठेवलेलं होतं तिथे गडद हिरवा आकार तसाच. नळी, मूठ, सगळं ओळखू येतं. वॉल्ट म्हणाला, कपाटंही ने. नको म्हटलं.

मं.ने आधी ओळखलं. ती क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते, माणसांचे हात बघते. “त्याचा उजवा हात बघितलास? अंगठा नि बोट गोळी वळल्यासारखं करतात.” पार्किन्सन. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलंय त्याला. मी आठवड्यातून तीनदा भेटतो, मला दिसलं नाही. माझं लक्ष हातातल्या वस्तूकडे.

२० ऑगस्ट २००६

दर रविवारी वॉल्ट येतो. खाली बसून एकेक काढतो, पुसतो, परत ठेवतो. तेलाची बाटली मी धरतो, थेंब त्याला पाडता येत नाही आता. नंतर वर जेवण. मं. त्याच्यासाठी बेताच्या तिखटाचं करते. साबुदाण्याची खिचडी त्याला फार. चमच्यातून सांडते, मग मं.ने त्याला खोल वाडगा दिला, स्वतःही वाडग्यातच घेतली, मलाही. 

एरवी खाली पाय न ठेवणारी मं. आज जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. वॉल्ट तिला सांगत होता, हेलनशी पहिलं भांडण कुठल्या रिव्हॉल्व्हरवरून झालं. ती हसली. या बेसमेंटमध्ये पहिल्यांदाच.

चांगला दिवस. असे फार नाहीत, म्हणून लिहून ठेवतो.

१० फेब्रु. २००७

डायान आली होती. वॉल्ट झोपला होता म्हणून आमच्याकडे आली. चहा घेतला. मग सांगितलं.

हेलन गेली त्या वर्षी, ऑगस्टमध्ये, ती न कळवता वडिलांकडे आली. हाका मारल्या. ते खाली, टेबलापाशी. समोर एक रिव्हॉल्व्हर. “साफ करायचं सामान नव्हतं टेबलावर. कापड नव्हतं, तेल नव्हतं. फक्त ते.”  वर येऊन दोघांनी सूप प्यायलं. जाताना तिने एवढंच म्हटलं, डॅड, ते या घरात राहायला नको. ऑक्टोबर संपताना त्याने फोनवर सांगितलं, शेजाऱ्याला देतोय.

मी विचारलं, कुठलं?

“लाकडी मुठीचं. थर्टी-एट.”

मग आजार कळायच्या आधीच हात थरथरायला लागल्यावर त्याने स्वतःच ठरवलं, बाकीची पण घराबाहेर जाऊ देत. पण एकदम नाही, एकेक. आणि साटीशलाच.

ती गेल्यावर खाली गेलो. कपाट उघडलं नाही. मला वाटत होतं मी कलेक्टर झालो. मी कपाट झालो होतो.

मी भीतीने घेतलं. त्याने भीतीने दिलं. त्या दिवशी त्याला जिवावर आलंय असं वाटलं होतं मला.

११ फेब्रु.

मं.ला सांगितलं. तिने चहाचे कप विसळून ठेवले. मग, “म्हणजे तू चांगलं काम केलंस. न कळत का होईना.”

तसं वाटत नाही. माणूस आपल्या मरणापासून लांब सरकत होता आणि मी त्याच्याकडे नव्या वस्तूंसाठी डोळे लावून बसलो होतो. जोडीतलं दुसरं कधी देतो, याचे दिवस मोजत होतो मी.

२७ मे २००७

वॉल्ट आता कुबडीवर. रविवारी आणायला मी जातो. जिना उतरायला दहा मिनिटं. बोलणं बारीक झालंय, कान जवळ न्यावा लागतो. गिळताना ठसका. डॉक्टर म्हणाले, पुढे नळीने खाणं. तो मला म्हणाला, “नळी नाही.” मी बरं म्हटलं, जणू माझ्या हातात आहे.

१४ ऑक्टो. २००७

आज मागितलं.

जेवण झालं होतं. मं. वर. खाली आम्ही दोघेच. हाताने कपाटाकडे खूण केली. “ते थर्टी-एट. दोन दिवस दे.”

“इथेच धर की,” मी म्हटलं. “काढतो.”

“इथे नाही. माझ्या टेबलावर.”

कळलं. कळलं हे त्यालाही कळलं.  मी काय बोललो? म्हणालो, “पुढच्या रविवारी बघू, वॉल्ट.” मुलांना खेळण्याच्या दुकानात सांगतात तसं.

घरी पोचवून आलो. त्याच्या दारात तो थांबून राहिला, आत जाईना. “नेक्स्ट संडे,” म्हणाला.

१५ ऑक्टो.

ऑफिसात काम नाही झालं. डायानला फोन करावा? फोन केला तर तो तिच्यासमोर उघडा पडेल. नाही केला तर...

केला. रडली. म्हणाली, प्लीज, नको देऊस. मी देणार नव्हतोच. तिला हे सांगायला लागलं याची लाज वाटली.

२१ ऑक्टो.

त्याच्या घरीच गेलो. आमच्याकडे आणलं नाही. खुर्चीत बसला होता, दाढी वाढलेली, कोट घालून तयार.

“आणलंस?”

“देता येणार नाही, वॉल्ट. परवाना लागतो. कागद माझ्या नावावर आहेत. कायद्याने —”

“कायदा.” आवाज बारीक पण शब्द स्वच्छ. “ते रिव्हॉल्व्हर माझ्याकडे तीस वर्षं होतं. ते उघडायला-जोडायला तुला मी शिकवलं. आणि तू मला खिडकीतल्या बाईसारखा कागद मागतोस.”

मी स्टूल ओढून समोर बसलो.

“मला खरं सांग. कायदा नसता तर दिलं असतंस?”

“नाही.”

“का?”

मला म्हणायचं होतं, तू मला हवा आहेस. रविवारी. मं.ला हवा आहेस. इंग्रजीत ते कसं म्हणतात माहीत आहे, पण तोंडातून आलं नाही. म्हणालो, “बिकॉज आय कान्ट.”

“तुझ्यावर ही वेळ येईल तेव्हा तुला कुणी असं म्हणू नये,” वॉल्ट म्हणाला. “जा घरी.”

कोट काढायला मदत करायला गेलो, हात झटकला.

४ नोव्हें. २००७

दुसरा रविवार. दार उघडत नाही. डायानने ठेवलेली बाई आत असते, ती म्हणते, ही सेज नो. मं.ने खिचडी पाठवली, खाल्ली की टाकली कळलं नाही, वाडगा परत आला. धुतलेला वाडगा.

मं. म्हणते, बरोबर केलंस. काल म्हणाली, आजही म्हणाली. मग बाथरूममध्ये जाऊन रडली, नळ सोडून.

१६ डिसें. २००७

वॉल्ट पडला. मांडीचं हाड. हॉस्पिटल, ऑपरेशन, आता नर्सिंग होम, घरापासून वीस मिनिटं. घर विकायला काढणार. डायान घराची किल्ली घेऊन आली, रिकामी कपाटं हवीत का विचारायला. पुन्हा नको म्हणालो. नंतर फार वाईट वाटलं, आणायला हवी होती. जुनं सामान नेणारे गुडविलवाले घेऊन गेले.

२० जाने. २००८

नर्सिंग होम. खोलीत दोन पलंग, वॉल्टचा खिडकीजवळ. मी आत गेल्याबरोबर भिंतीकडे तोंड. चाळीस मिनिटं बसलो. हवेबद्दल बोललो, ईशाच्या ड्रायव्हिंगच्या हट्टाबद्दल बोललो. निघताना म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. ‘पुढच्या रविवारी’ हे शब्द माझ्या तोंडून. जीभ चावली.

२३ मार्च २००८

दर रविवारी भिंत. नळी बसवली, पोटातून. त्याला विचारलं का, म्हणून डायानला विचारलं. विचारलं, म्हणाली. त्याने उत्तर दिलं नाही म्हणून बसवली.

वजन किती राहिलंय. चादरीखाली माणूस आहे का, हे शोधून बघावं लागतं.

२४ मार्च

ईशाला सांगितलं. चौदा वर्षांची आहे, तिने वॉल्टबद्दल विचारलं, खोटं बोलणं जमेना. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, “डिड यू डू इट फॉर हिम? ऑर फॉर यू?”

मं. म्हणाली, ईशा! मी म्हटलं, राहू दे. विचारलं तर विचारलं.

“आय डोन्ट नो,” मी म्हटलं.

“ओके,” ईशा म्हणाली. खांद्याला हात लावून वर गेली. मोठी झाली पोर.

१८ जुलै २००८

कंपनीत आमचं अख्खं डिपार्टमेंट गेलं. नोकरीच्या एकोणीस वर्षांतली तेरा या एकाच इमारतीत. खोका घेऊन गाडीपर्यंत येताना सिक्युरिटीवाला बरोबर. तोच रोज गुड मॉर्निंग म्हणायचा. आजही म्हणाला.

मं.ची नोकरी आहे. घर चालेल.

८ ऑगस्ट

दुपारभर खाली बसतो. काही काढत नाही, पुसत नाही. वॉल्ट यायचा थांबल्यापासून एकालाही हात लावलेला नाही. नुसता बसतो. वर कंटाळा येतो, खाली येत नाही इतकंच.

आज मं. कामावरून लवकर आली. जिन्यावरून खाली आली, शेवटच्या पायरीवर थांबली. माझ्यासमोर टेबल रिकामं होतं. त्याच्यावरही काही नव्हतं, कापड नाही, तेल नाही. तिने ते पाहिलं. मला त्या क्षणी डायान आठवली, आणि तिलाही आठवली असणार.

“तसं काही नाही गं,” मी म्हटलं.

“मला माहीत आहे.” हात पुढे केला. “किल्ली दे.”

दिली. हात थरथरला का, ते दोघांनीही पाहिलं. नाही थरथरला. तिने पोळ्या केल्या, जेवलो. बेसमेंटचा दिवा तसाच राहिला होता, जाऊन बंद केला.

वॉल्टला असंच वाटलं असेल का, सूप पिताना? राग नव्हता. पण एखाद्याने आपल्या आत शिरून पाहिल्यासारखं.

१४ सप्टें.

दोन डीलर येऊन गेले, चोवीसही घेतो म्हणाले. कार्डं बघून एक म्हणाला, कागदपत्रं उत्तम आहेत, किंमत वाढेल. मी म्हटलं कळवतो. मं. म्हणाली, वॉल्ट आहे तोवर विकू नकोस. ही मंजिरी. सात वर्षांपूर्वी जेवली नव्हती.

२६ ऑक्टो. २००८

नोकरी नाही म्हणून आता आठवड्यातून तीनदा जातो वॉल्टकडे. भिंत. टीव्हीवर निवडणूक, शेजारच्या पलंगावरचा म्हातारा टीव्हीशी भांडतो. आज वॉल्टला म्हटलं. शेवटी म्हटलं. गेल्या वर्षी जे तोंडातून आलं नव्हतं ते. की मला तू हवा होतास, म्हणून. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी.

मान हलली का? पार्किन्सनमध्ये मान हलतेच.

११ नोव्हें. २००८

डायानला सर्दी, येऊ शकत नव्हती. नर्सने विचारलं, तुम्ही दाढी करून द्याल का, आमच्या कुणाला तो करू देत नाही. इलेक्ट्रिक रेझर दिला. ब्लेड चालत नाही इथे.

पलंगाच्या त्या बाजूला गेलो, भिंतीच्या नि त्याच्या मधे. जेमतेम उभं राहायला जागा. वर्षभराने चेहरा समोरून पाहिला. डोळे बंद केले नाहीत. गालाची कातडी एका हाताने ताणून धरावी लागते, आधी वरून खाली, मग हनुवटीखाली उलटं. मानेवर रेझर आला तेव्हा गिळलं त्याने, बोटांना कळलं. मी थांबलो. त्याने वाट पाहिली. मग पुन्हा.

अर्ध्यात त्याचा हात चादरीतून बाहेर आला, माझं मनगट धरलं. थरथरत होता, रेझर बाजूला घेतला मी. दूर सारतोय की धरतोय कळेना. बोटं बर्फासारखी. मिनिटभर असेल. मग सोडलं. दुसरा गाल पुढे केला. किंवा मान तशी वळली.

पुसून झालं, क्रीम लावलं. कान तोंडाजवळ नेला, काहीतरी म्हणत होता म्हणून. दोनदा म्हणाला.

“थर्सडे.”

एवढंच. पुन्हा भिंतीकडे.

बाहेर नर्सला सांगितलं, गुरुवारी ये म्हणाला बहुतेक. ती म्हणाली, अच्छा? गुरुवारी इथे भाजलेलं चिकन असतं, नळी बसायच्या आधी त्याला फार आवडायचं, अजून कधीकधी विचारतो बिचारा.

गाडीत बराच वेळ बसलो. मं.ला फोन केला, काय म्हणाला ते सांगितलं. चिकनचं नाही सांगितलं. ती म्हणाली, मी पण येते गुरुवारी, सुट्टी टाकते.